भिंतीतून गेलेला टेम्पो

१

वेलदोड्याची चार पोती चोरीला गेली होती आणि चोर कोण ते नकाशाने सांगून टाकलं होतं. त्यामुळे अक्षता गमरेला करायला काही कामच उरलं नव्हतं. निदान राजवर्धन मानेशेठांचं तरी असंच म्हणणं होतं, आणि मानेशेठ एखादी गोष्ट म्हणाले की ती झालीच असं समजायची त्यांच्या गाळ्यात पद्धत होती.

अक्षता विमा कंपन्यांसाठी नुकसानीची तपासणी करायची. राहायची करंजाड्याला, स्कूटरवरून हिंडायची पार ऐरोलीपर्यंत. तिच्यात एक खोड होती. समोरचा जितक्या खात्रीने बोलेल तितकी ती जास्त चौकशी करायची. या खोडीपायी घरात नवरा वैतागलेला असायचा आणि बाहेर पोट भरायचं, म्हणजे हिशेब बरोबरच होता म्हणा.

मानेशेठांचा वाशीच्या मसाला मार्केटात गाळा आणि रबाळ्याला मसाले पॅक करायचं युनिट. दोन्हींच्या मधे एक टेम्पो आणि त्यावर वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर, बाबासो. मंगळवारी सकाळी वाशीत सगळ्यांसमोर चार पोती टेम्पोत चढली. दुपारी रबाळ्याहून स्टोअर सांभाळणाऱ्या रणजीतचा फोन आला, की माल आलाच नाही. बाबासो म्हणाला, मी स्वतः उतरवलाय. पोचपावतीवर सही होती का? नव्हती. घरचाच माल, घरचाच माणूस, म्हणून आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करायच्या असा यांचा रिवाज होता. असले रिवाज चोरी होईपर्यंत फार सोयीचे असतात.

"मॅडम, हे बघा," म्हणत शेठनी फोन पुढे केला. टेम्पोवर नवीन यंत्र बसवलं होतं, गाडी कुठे जाते ते दाखवणारं. रबाळ्याची ती इमारत लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखी. तळमजल्यावर स्लॅबखालूनच रस्ता जातो. त्याचं एक टोक डोंगराकडे, दुसरं खाडीकडे आणि गेट बरोबर मधोमध. मानेंचं युनिट डोंगराकडच्या टोकाला. आणि फोनमधली लाल टाचणी मात्र उभी होती खाडीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ.

शेठ म्हणाले, तिकडे दुसरी गाडी उभी असणार, माल तिच्यात टाकला आणि हा मोकळा. विमा होताच, नोकराने चोरी केली तर भरपाई मिळायची त्यात सोय होती. अक्षताने आज अहवालावर सही करायची, संध्याकाळी शेठ पोलिसात तक्रार देणार, बाबासो आत जाणार. सगळं ठरलेलं होतं.

"पहिल्या दिवशी रणजीत काय म्हणाला होता?" अक्षताने सहज विचारलं.

शेठ म्हणाले, माल आला नाही एवढंच. मग त्यांनी संध्याकाळी हा नकाशा त्याला पाठवला, तेव्हा त्याला आठवलं की टेम्पो त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

अक्षताने पेनाचं टोपण पुन्हा लावलं आणि सही न करताच रबाळ्याचा रस्ता धरला.

२

रणजीत शेठच्या बायकोचा चुलतभाऊ. केस चापून बसवलेले, बोलणं फटाफट. त्याने चहा मागवला, खुर्ची पुसून दिली आणि न विचारता सांगायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं, की हमाल नाश्त्याला गेले होते, तो मालाची वाट बघत एकटाच बाहेर आला, तर टेम्पो तिकडे टाकीजवळ उभा. त्याला वाटलं, बाबासोचं काही खासगी काम असेल. परत आत गेला, पुन्हा आला तर टेम्पो गायब.

"टाकीच्या अलीकडे की पलीकडे?" अक्षताने विचारलं.

"अगदी टाकीला लागून. नाक खाडीकडे. मी खोटं कशाला बोलू? बाबासोकाका माझे चांगले होते, मलाच वाईट वाटतंय."

वाईट वाटल्याचं त्याने इतक्या नीटसपणे सांगितलं, की अक्षताने चहा अर्धाच ठेवला.

गेटवर गोटीराम होता, जवळच्याच गावचा म्हातारा वॉचमन. तो खुर्ची टाकून बसायचा तो रस्त्याकडे तोंड करून, इमारतीला पाठ देऊन. आत आलेली गाडी कुठे गेली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण बाबासोची बाजू घ्यावी असं त्याला फार वाटत होतं आणि तेच जमत नव्हतं.

"बाबासो मानूस चांगला हाय, बाय," तो म्हणाला. "पन खोटं कसं बोलू? शेठच्या युनिटला गाडी लावायची तर उलटी न्यावी लागतं. आत यायचं, नाक खाडीकडं करायचं न् डोंगराकडं मागं मागं जायचं. उलटी गेली का गानं वाजतं. त्या दिशी गानं वाजलं नाय."

हे गाणं म्हणजे रिव्हर्सचा भोंगा. गाडी मागे घेतली की पिपाणीवर एक चाल वाजते, सगळ्या मोहल्ल्याला कळतं. युनिटचा माल उतरवायचा ओटा अगदी शेवटच्या भिंतीला होता, गाडीची पाठ ओट्याला लागली पाहिजे आणि आतला रस्ता इतका अरुंद की टेम्पो वळवता येत नाही. म्हणून सगळेच ड्रायव्हर गेटातून आत शिरून खाडीकडे तोंड करत आणि मग डोंगराकडे उलटे जात.

म्हणजे नकाशा म्हणत होता खाडीकडे, रणजीत म्हणत होता खाडीकडे, आणि ज्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं तो गोटीरामही तेच म्हणत होता. अक्षताला आत्तापर्यंत रणजीतचा संशय येत होता. आता तिला पहिल्यांदा बाबासोचा आला.

३

बाबासो शिरवण्यात राहायचा, गावठाणातल्या चाळीत तळमजल्यावर. मूळ गाव साताऱ्याकडचं. दोन दिवस दाढी केलेली नव्हती. त्याने अक्षताला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसला, जसा काही तो पाहुणा होता.

त्याने सरळ सांगितलं. गेटातून आत गेलो, नाक खाडीकडं केलं, डोंगराकडं उलटा गेलो, ओट्याला पाठ लावली. हमाल नव्हते, म्हणून मी आणि रणजीत दोघांनीच पोती उतरवली. मग निघालो.

"उलटे गेलात, तर भोंगा का वाजला नाही?"

बाबासोने मान खाली घातली. तो मूग गिळून बसला तो बसलाच. अक्षताने दोनदा विचारलं, त्याने दोनदा चपलेचा अंगठा चाचपला.

त्याची बायको शालन आतून सगळं ऐकत होती. ती अक्षताला पोचवायला म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत आली. शेठनी नकाशा तिच्याही फोनवर पाठवला होता, समजावण्यासाठी म्हणून. पदराने तोंड पुसत ती हळूच म्हणाली, "ताई, मालकांस्नी सांगा, पोलिसात जाऊ नका. मी ह्यांच्याकडनं माल परत द्यायला लावते. सकाळधरनं विचारतीय, कुठं ठेवलाय सांगा. बोलतच न्हाईत."

दार चार पावलांवरच होतं, तिथे बाबासो उभा होता. त्याला ते ऐकू गेलं होतं. अक्षताला फार वाईट वाटलं. कुणी चोर म्हटलं तर माणूस भांडतो, पण बायकोच समजूत घालायला लागली की भांडायचं कुणाशी?

४

वाशीच्या गाळ्यात परत येऊन अक्षताने शेठना सांगितलं, टाचणी पुरे झाली, मला आख्खा रस्ता दाखवा. फोनवर फक्त गाडी थांबली ती जागा दिसायची. संगणकावर मात्र सगळी रेघ उमटायची. ती आजवर कुणी उघडून पाहिली नव्हती, कारण टाचणीने सगळ्यांचं समाधान झालं होतं.

रेघ वाशीहून निघाली, ठाणे-बेलापूर रस्त्याने गेली, रबाळ्याला वळली, गेटातून आत शिरली. मग खाडीकडे वळून टाकीपाशी थांबली. इथपर्यंत शेठ मान डोलवत होते.

थांबून झाल्यावर रेघ पुन्हा निघाली. ती गेटाकडे परत फिरली नाही. ती खाडीच्याच दिशेने सरळ पुढे गेली, इमारतीच्या भिंतीतून आरपार, नाल्यावरून, पलीकडच्या कारखान्याच्या आवारात. तिथे उजवीकडे वळली आणि एकदम उडी मारून परत गेटाबाहेरच्या रस्त्यावर आली.

"शेठ, तुमचा टेम्पो भिंतीतून गेलाय," अक्षता म्हणाली.

शेठ म्हणाले, ते काय, स्लॅबखाली सिग्नल जातो, इकडंतिकडं होणारच. अक्षता म्हणाली, मग टाकीपर्यंतची रेघ तेवढी खरी आणि पुढची खोटी, हे कुणी ठरवलं? शेठनी खुर्ची संगणकाजवळ ओढली.

मग तिने आधीच्या फेऱ्या उघडल्या. सोमवारची फेरी: टेम्पो टाकीजवळ थांबला, भिंतीतून गेला. त्याआधीची: तेच. त्याआधीची: तेच. आणि त्या सगळ्या दिवसांत रणजीतला माल मिळालेला होता, शेठच्या मिरच्या, शेठची हळद, कशाचीच कधी तक्रार नव्हती. आणखी मागे गेल्यावर मात्र रेघ शहाण्यासारखी वागत होती. गेटातून आत, डोंगराकडच्या ओट्यापर्यंत, आणि त्याच वाटेने बाहेर.

मधेच एका दिवसापासून यंत्राला वेड लागलं होतं. त्या दिवशी काय झालं, ते शोधायचं होतं आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

५

यंत्र बसवणारा ऋषी तुर्भ्याला असायचा. फोनवर आधी त्याने हात वर केले, आमचं यंत्र चुकत नाही म्हणाला. अक्षता म्हणाली, चुकतं असं मी म्हणतच नाही, त्याला दिशा कशी कळते तेवढं सांगा. मग तो खुलला, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक फक्त पैसे कमी करा म्हणत.

ऋषीने सांगितलं ते असं. उपग्रह गाडीला फक्त जागा सांगतात, तोंड कुठे आहे ते सांगत नाहीत. आत्ता इथे होती, आता तिथे आहे, त्यावरून यंत्र ठरवतं की अमुक दिशेने चालली. गाडी उभी असली तर नाक कुठे आहे, हे निव्वळ उपग्रहांवरून कळायचं नाही. आणि स्लॅबखाली उपग्रहच दिसत नाहीत. जुनी यंत्रं तिथे आंधळी व्हायची. या नव्याने तिथेही अंदाज बांधायचा असतो. आत एक वळण ओळखणारी चकती आहे, ती गाडी किती वळली ते सांगते. चाकाकडून किती अंतर कापलं ते कळतं. शेवटची माहीत असलेली जागा धरून यंत्र पुढची रेघ स्वतः काढत जातं.

"होकायंत्र का नाही घालत?"

ऋषी हसला. टेम्पोच्या लोखंडात आणि इमारतीच्या सळयांत होकायंत्र भरवशाचं राहत नाही, म्हणाला.

"आणि चाक उलटं फिरलं तर?"

"या गाडीत चाकाकडनं नुसतं अंतर येतं, मॅडम. पुढं गेलं काय, मागं गेलं काय, यंत्राला सारखंच. म्हणून तर आमी रिव्हर्सच्या लाइटच्या वायरीला जोड देतो. ती वायर जिवंत झाली की यंत्राला कळतं, गाडी मागं चाललीय."

अक्षताने विचारलं, की भोंगाही त्याच वायरीवर असतो का. ऋषी म्हणाला, त्याच.

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता स्वच्छ दिसत होतं. तिने बाबासोला फोन लावला आणि नमस्कारसुद्धा न करता म्हणाली, "बाबासोदादा, रिव्हर्सची वायर तुम्ही काढलीत ना? भोंगा बंद करायला?"

बाबासो बोलायला लागला. वरच्या खोलीत भाडेकरूंचं तान्हं पोर होतं. पहाटे गल्लीतून टेम्पो मागे काढताना भोंगा वाजायचा, पोर दचकून उठायचं, तासभर रडायचं. पोराची आई एकदा येऊन नुसती उभी राहिली, भांडलीसुद्धा नाही. त्यालाच लाज वाटली. त्याने वाकून पहिली दिसली ती वायर उपटली. भोंगा गेला, मागचा दिवाही गेला. त्या वायरीवर यंत्राचाही जोड आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"मालकांनी यंत्र लावताना दम दिलता, ताई. वायरीला जो हात लावंल त्यो चोर समजायचा. आता सांगितलं असतं तर काय म्हनले असते?"

अक्षताला त्याचा रागही आला आणि हसूही आलं. या माणसाला निर्दोष ठरवणारी एकच गोष्ट होती आणि तीच तो जिवापाड लपवत होता.

६

दुपार कलताना सगळे रबाळ्याच्या गेटवर जमले. शेठ पोलिसात जायच्या तयारीनेच आले होते, तक्रार खिशात. रणजीत आला, गोटीरामने खुर्ची फिरवून घेतली, हमालही काम टाकून उभे राहिले. परवा याच जागी शेठनी बाबासोला चार माणसांत चोर म्हटलं होतं, त्यामुळे आज काय होतंय याची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

अक्षताने आधी रणजीतला विचारलं, टेम्पो नक्की कुठे पाहिला ते जरा उभं राहून दाखवता का. तो तरातरा चालत गेला आणि टाकीला लागून उभा राहिला. वर हातानेही दाखवलं, इथे नाक, इथे पाठ.

मग तिने बाबासोला किल्ली दिली आणि म्हणाली, रोज लावता तशी लावा. शेठना म्हणाली, तुम्ही फक्त फोनमधे बघा, मान वर करायची नाही. बाबासो गेटाबाहेरून आत शिरला, खाडीकडे नाक केलं आणि मागे जायला लागला. भोंगा वाजला नाही. टेम्पो गुपचूप डोंगराकडच्या टोकाला गेला आणि ओट्याला लागला.

"शेठ, टेम्पो कुठे आहे?"

"टाकीजवळ," शेठ फोनमधे बघत म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. टाकीजवळ एकटा रणजीत उभा होता. टेम्पो पार उलट्या टोकाला, ओट्याला चिकटलेला. शेठनी पुन्हा फोन बघितला, पुन्हा टाकी बघितली. हमालांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

अक्षताने समजावून सांगितलं. नाक खाडीकडे वळलं, ते यंत्राला कळलं. चाकं फिरली, तेही कळलं. उलटी फिरली, ते कळवणारी वायर तुटलेली, म्हणून त्याने रेघ नाकाच्या दिशेने ओढली. परत निघताना टेम्पो खरोखरच पुढे आला, तीही रेघ नाकाच्याच दिशेने, म्हणून गाडी भिंतीतून गेली. रेघेचा पहिला तुकडा टाकीकडून ओट्याकडे उलटवा, की दुसरा तुकडा आपोआप बरोबर गेटाशी येऊन संपतो. गोटीरामकाका खरं बोलले, गाणं वाजलंच नाही; आधीचे काही दिवसही वाजलं नव्हतं, पण ते त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी कानावर भरवसा ठेवला आणि शेठनी टाचणीवर.

"पण रणजीत," ती वळून म्हणाली, "तुम्ही टेम्पो टाकीजवळ डोळ्यांनी पाहिलात. तिथे तो गेलाच नव्हता. तिथे तो फक्त शेठच्या फोनमधे गेला होता."

रणजीत टाकीपासून दोन पावलं सरकला. स्लॅबखाली यंत्र आंधळं होतं, जुन्या यंत्राच्या वेळचं एवढंच त्याला ठाऊक होतं. त्या भरवशावर त्याने माल आला नाही म्हणायचं ठरवलं होतं, सही शनिवारशिवाय होत नव्हतीच. नव्या यंत्राने आपण होऊन खाडीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं असणार. त्या आनंदात त्याने नकाशाला साक्ष देऊन टाकली.

दोन दिवस त्याच्या युनिटची झडती कुणी घेतली नव्हती, कारण माल तिथे पोचलाच नाही हे सिद्ध झालं होतं ना. आता हमाल शिडी लावून माळ्यावर चढले. रिकाम्या खोक्यांच्या मागे चारही पोती होती, शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. रणजीत शेठच्या पायाशी वाकायला गेला. शेठ मागे सरकले.

७

शेठनी खिशातली तक्रार काढली, तिचे तुकडे केले आणि बाबासोच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, झालं गेलं विसरून जा, चल आत, चहा घेऊ, तुझ्याशी बोलायचंय.

बाबासो जागचा हलला नाही.

"मालक, चोर तुमी मला गेटवर म्हनला. न्हाई ते पन गेटवरच म्हना."

मानेशेठांना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला, अक्षताला वाटलं आता उसळणार. पण ते गेटाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, की बाबासो चोर नाही, चूक माझी आहे, इतकी वर्षं माझ्याकडे आहे आणि मी त्याचं ऐकलं नाही. गोटीरामने टोपी काढून डोळे पुसले.

"आता एक फोन शालनला," बाबासो म्हणाला. "तिला नकाशा तुमीच धाडलाय."

शेठनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पुन्हा सगळं सांगितलं, माफीसकट. पलीकडून आधी हुंदका ऐकू आला. मग शालनचा आवाज चढला.

"मी पहिल्यापासनं सांगत हुते, माझा मानूस असला न्हाई म्हनून. तुमी ऐकलं न्हाई, मालक. मला ठावं हुतं."

अक्षताने बाबासोकडे पाहिलं. तिने गल्लीच्या तोंडाशी जे ऐकलं होतं, तेच त्यानेही दारातून ऐकलं होतं. मग त्याने फोन शेठच्या हातातून घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"व्हय, ठावं हुतं तुला," तो म्हणाला. "आता रडू नगं. भाकरी टाक, यीतोय."